साडेचार वर्षांचा मुलगा, दोन-तीनच शब्द. टॅबवरचं ॲप सुरू करू की नको?

वेंगुर्ल्याची_आई:
नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय, कानांची टेस्ट नॉर्मल. शब्द म्हणाल तर "पाव", "नको" आणि कधीतरी "आई", बाकी काही हवं असेल तर माझा हात धरून ओढत नेतो. सकाळी पाववाल्याचा भोंगा ऐकला की मात्र असेल तिथून पळत सुटतो. स्पीच थेरपीला कुडाळला जावं लागतं, पावसाळ्यात तेही चुकतं. आता थेरपिस्ट म्हणतात चित्रांचं ॲप घ्या, बटण दाबलं की ते बोलतं. ह्यांचं म्हणणं, एकदा बटणाची सवय लागली की हा तोंड कशाला उघडेल? सासूबाई दिवसभर "आवशीक हाक मार बघया, म्हण आई, म्हण" करत मागे असतात आणि तो पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. त्यात कोणीतरी सांगितलंय की घरात मालवणी बंद करा, एकच भाषा ठेवा. काय करू?

झावळी:
ताई, आमच्या वाडीत एक मुलगा असाच होता, शंख फुंकायला लावला आणि जिभेला वेखंड लावलं, बोलायला लागला. करून बघायला काय हरकत आहे.

चिपळूणकर_बाबा:
आमचा आता आठचा आहे. ॲपची भीती मलाही होती. आम्ही जेलो वापरतो, आयआयटी मुंबईत बनलेलं आहे, फुकट आहे आणि मराठीत आहे. आधी नुसता बटणं बडवायचा, मग हळूहळू बटण दाबून तोच शब्द तोंडानेही म्हणायला लागला, आता काही शब्दांना टॅब लागतच नाही. सगळ्यांचं असंच होईल असं नाही हं. पण टॅब आला म्हणून असलेला शब्द गेला, असं आमच्याकडे एकदाही झालं नाही.

स्पीचवाली_रत्नागिरी:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, तुमच्या मुलाला बघितलेलं नाही म्हणून थेरपिस्टना विचारूनच करा. आधी ॲपचं. २०१४ साली कॅलिफोर्नियाच्या कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, पाच ते आठ वर्षांची ६१ मुलं, स्वतःहून वापरायचे शब्द वीसपेक्षाही कमी. सगळ्यांना खेळातून बोलणं शिकवलं, पण काहींना सुरुवातीपासून बोलणारं यंत्रही दिलं. यंत्रवाली मुलं स्वतःहून जास्त बोलायला लागली. हे मिस्टरांना दाखवा. फक्त ॲप मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, बोलताना तुम्ही स्वतः त्यावर बोट ठेवायचं, नाहीतर त्याला कळणार कसं ते कशासाठी आहे.

"म्हण, म्हण" मात्र आजपासून बंद. ती परीक्षा झाली, आणि परीक्षेला कोण उभं राहतं हौसेने? तुमच्याकडे तर आयता पाववाला आहे! भोंगा वाजला की तुम्ही त्याच्या बरोबरीने पळा, "पाव इलो!" म्हणा, ॲपवर पावाचं चित्र दाबा आणि गप्प बसा. मनात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत नुसतं त्याच्याकडे बघायचं, हे सगळ्यात अवघड असतं, आपल्यालाच राहवत नाही. त्याने बघितलं, हात केला, काही आवाज काढला तरी ते बोलणंच समजायचं आणि पाव द्यायचा. बोलल्याशिवाय पाव नाही, असं करू नका. तो "पाव" म्हणाला तर तुम्ही "गरम पाव" म्हणा, त्याच्यापेक्षा एक शब्द पुढे, बस. झोपाळ्यावर बसत असेल तर झोका मध्येच धरा, थांबा, मग "सोड!" म्हणून सोडा.

मालवणी अजिबात बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि आजीला मोडक्यातोडक्या शुद्ध भाषेत बोलायला लावलंत तर ती बोलायचीच कमी होईल. "हवं"च्या जागी "होया" आला तर काय बिघडलं?

झावळी, शंख फुंकून फुंकायला येतं हो, शब्द येत नाहीत. आणि वेखंड डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

वेंगुर्ल्याची_आई:
खूप आभार मॅडम. ह्यांना वाचून दाखवलं, "बघूया" म्हणालेत, म्हणजे अर्धं काम झालं 😄 एकच विचारते, आता उशीर नाही ना झाला? सगळे म्हणतात पाचच्या आत बोलला तर बोलला.

स्पीचवाली_रत्नागिरी:
पाचला दार बंद होत नाही. २०१३ मध्ये ऑटिझमच्या ५३५ मुलांची माहिती तपासली होती, चार वर्षांपर्यंत शब्द जोडून न बोलणारी मुलं, त्यातली साधारण ७० टक्के पुढे निदान शब्द जोडून बोलायला लागली आणि ४७ टक्के सफाईने. त्यात काही मुलं आधीच सुटे शब्द बोलणारी होती, तुमचाही आहेच की. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न राहतोच, म्हणून तर ॲप आत्ताच सुरू करायचं, तोंडाची वाट बघत बसायचं नाही.

चिपळूणकर_बाबा:
आणि ताई, दिव्यांग सर्टिफिकेट काढलं नसेल तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे. ते मिळालं की नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा फॉर्म भरा, वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचा खर्चही काही मर्यादेत बसतो. बिलं जपून ठेवा, कुडाळचीसुद्धा.