प्रतिसाद: रोलिह्लाह्ला म्हणजे फक्त 'खोडकर'?

वर कुणीतरी विचारलंय की नेल्सन मंडेलांचं मूळ नाव रोलिह्लाह्ला हे 'खोडकर' अशा अर्थाचं होतं, तर बापाने असं नाव ठेवलंच कसं? रोलिह्लाह्लाचा शब्दशः अर्थ झाडाची फांदी ओढणारा. खोडकर हा बोलीतला अर्थ. 'नेल्सन' हे शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेने चिकटवलेलं इंग्रजी नाव. मिशनरी शाळांत सर्रास तसंच चालायचं. सोळाव्या वर्षी सुंता-संस्कारानंतर त्यांना 'दालिभुंगा' हे आणखी एक नाव मिळालं. आणि लोक प्रेमाने 'मदिबा' म्हणायचे ते टोपणनाव नव्हेच, ते कुळाचं नाव! मंडेलांच्या खोसा समाजात आडनावापेक्षा कुळाच्या नावाने हाक मारणं जास्त आदराचं. एकाच कुळात लग्नही होत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्याच झुलू लोकांची नावं बऱ्याचदा घरातली परिस्थिती सांगतात. पावसात जन्मलेली नोमवुला. घरात मृत्यू झाल्यावर आलेली मुलगी दुदुझिले, म्हणजे सांत्वन करणारी. बोंगानी तर थेट आज्ञार्थ, 'आभार माना'! २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला चेंडू आठवतोय? 'जाबुलानी', म्हणजे 'आनंद करा', हे मुलांचंही नाव असतं.

मला सगळ्यात ओळखीची वाटली ती खोसा सुनेची गोष्ट. सासरचे तिला नवं नाव देतात, बहुधा 'नो'ने सुरू होणारं. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने लिहितात तसंच की! फरक एवढाच, की तिथे माहेरच्या कुळाचं नाव तिच्याकडे कायम राहतं.