छोट्या गाडीत कार सीट: उलटं बाळ मावतं का, हा पहिला प्रश्न

पाठमोरा:
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. गाडी छोटी असेल तर बाळाची कार सीट घेताना आयसोफिक्स (म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांना सीट अडकवायची सोय), ब्रँड, गादीचा मऊपणा हे सगळं नंतर. आधी एवढंच बघा: ती उलटी, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे करून, नीट कलून बसते का? आणि तशी लावल्यावर पुढच्या सीटवर माणूस मावतो का? हे न बघता आपण खोका घरी आणतो, पुढची सीट डॅशबोर्डला जाऊन टेकते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "करा सरळ, पाय पण मोकळे राहतील."

इथेच सगळं बिघडतं. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की पट्टे छाती धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर दाबलं जातं. युरोपच्या जुन्या आर४४ नियमात ९ किलोनंतर सरळ बसवायची मुभा होती. नव्या आर१२९ मध्ये १५ महिन्यांपर्यंत उलटंच. मी तर १५ महिनेही कमीच धरतो. तेव्हा गाडी दुकानापाशी न्या, सीट लावून बघा, पुढे नेहमी बसणारा माणूस बसवून बघा. नाही मावली तर दुसरी सीट बघा, पण बाळ फिरवू नका.

भांडुपकर:
दादा, घरी माणसं किती तुमच्या? आमच्या वॅगनआरमध्ये आई, बाबा, बायको, मी आणि पोरगं. मागे सीट लावली की उरलेल्या दोन जागांपैकी मधली म्हणजे शिक्षाच. बाबांना काय एसटीने पाठवू? शहरात तिशीच्या वर गाडी जात नाही. बायकोच्या मांडीवर पोरगं शांत झोपतं, सीटमध्ये घाटकोपर येईपर्यंत रडून लाल होतं.

यंत्रवेडा:
गावाला जाताना तिशीने जाता का? ताशी ५० ची गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली तर झटका साधारण २० जी चा, म्हणजे वजनाच्या वीसपट. १० किलोचं पोरगं त्या क्षणी २०० किलोच्या जोराने हातातून सुटतं. आईने पट्टा लावला नसेल तर पाठोपाठ तीच त्याच्यावर आदळते. आणि आईबाळाला मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट.

भांडुपकर:
गणित मान्य. बाबांना कुठे बसवलंत ते राहिलं.

सातारची सून:
पुढच्या सीटवरच लावली तर? मी चालवते, बाळ शेजारी दिसतं.

पाठमोरा:
अजिबात नको. चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीच नाही. एअरबॅग ज्या जोराने उघडते ती थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे बसते. आता नव्या गाड्यांत पुढे दोन्हीकडे एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती बंद करायचं बटण बऱ्याच छोट्या गाड्यांत नसतं.

न्यूजर्सीची मावशी:
एवढी डोकेफोड कशाला? इथून आणा. इथल्या सीट दणकट असतात.

यंत्रवेडा:
मावशी, दणकट आहेत, पण त्या तिकडच्या पट्ट्यांचा हिशोब धरून केलेल्या. तिकडे १९९६ नंतरच्या गाड्यांत पट्टा लॉक होण्याची सोय असते. बहुतेक वेळा पूर्ण बाहेर ओढला की झालं. आपल्याकडचा पट्टा सहसा फक्त झटक्याला अडकतो. मग सीटवर वेगळं लॉक नसेल तर ती वळणावळणाला सैल होते. शिवाय छोट्या गाडीत पट्टा आखूड पडतो किंवा बकल नको तिथे येतं. लावल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही.

एक आजी:
सगळे बाळाचं बोलताय. उलटी सीट माझ्यामागे लावतात आणि मला पुढे ढकलतात. गुडघे ग्लोव्हबॉक्सला. मुलगा म्हणतो, आई, चालतंय. मला नाही चालत.

पाठमोरा:
आजी, तुमचं बरोबर आहे. छाती एअरबॅगपासून किमान २५ सेंटिमीटर लांब हवी. तुम्ही मागे बाळाशेजारी बसा, सूनबाई पुढे.

एक आजी:
सून माझ्याहून हातभर उंच आहे.

पाठमोरा:
मग उलटी सीट चालवणाऱ्याच्या मागे लावून बघा, मुलगा बेताच्या उंचीचा असेल तर. नाहीतर कमी जागा घेणारी सीट शोधावी लागेल.

भांडुपकर:
म्हणजे आमच्यात मी बुटका, म्हणून सीट माझ्यामागे, बाबा पुढे, आई खिडकीशी आणि बायको मधे? मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा आहे.

यंत्रवेडा:
तोच लावा, कमरेखाली घट्ट बसवून. बाळाची सीट मात्र त्या पट्ट्यावर लावू नका. बहुतेक सीटना खांद्यावरूनचा पट्टा लागतो.

सातारची सून:
१४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे म्हणे, २०१९ पासून. कुणाला झालाय का?

भांडुपकर:
मला तर कधी विचारलं नाही कुणी. सीट लावून बघतो रविवारी. पोरगं रडलं तर इथेच येऊन ओरडेन.