राफाएल मार्केस सेंटर-बॅक की मिडफिल्डर?

प्रश्न: बार्सिलोनाच्या जुन्या सामन्यांत मेक्सिकोचा मार्केस दोन्ही जागी दिसतो. त्याची खरी जागा कोणती?

उत्तर: सेंटर-बॅकच, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. २००६ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध पुयोलच्या जोडीला तोच होता. पण उजव्या पायाचा लांब पास इतका नेमका, की प्रशिक्षक रायकार्ड त्याला बचावफळीच्या पुढेही खेळवायचे.

उत्तर: उतारवयात वेग कमी पडला. मागे मोकळी जागा राहिली की पाय उशिरा पडायचा. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचा रॉबेन पडला तो असाच. त्या पेनल्टीवर हुंटेलारचा गोल आणि मेक्सिको १-२ ने बाहेर. माझ्या मते पेनल्टी कडकच दिली.

उत्तर: त्याच स्पर्धेत क्रोएशियाविरुद्ध कॉर्नरवर हेडरने गोल केला, तेही विसरू नका. २००२ ते २०१८, पाचही विश्वचषकांत दंडावर कर्णधाराची पट्टी!