एफएफटी लायब्ररी: डेबियनच्या पॅकेजमधली की स्वतः बांधलेली?

फोंडेकर

घुमट या तालवाद्याला गोवा राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाल्यापासून आमच्या प्रयोगशाळेत त्याच्या आवाजावर प्रकल्प करणारी मुलं वाढली आहेत. प्रत्येक नवी तुकडी आली की सीनियर सांगतात, "पॅकेजमधली एफएफटीडब्ल्यू स्लो असते, सोर्स आणून स्वतः बांध." (एफएफटी म्हणजे आवाजासारख्या नोंदीतल्या वारंवारता झटपट काढायची रीत, आणि एफएफटीडब्ल्यू ही ते करणारी लायब्ररी.) मग प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत एक वेगळी लायब्ररी पडून राहते.

हे थांबवावं असं माझं ठाम मत आहे. एमआयटीत मात्तेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये ही लायब्ररी बाहेर आणली, १९९९ मध्ये तिला विल्किन्सन पारितोषिक मिळालं. इतक्या बारकाईने लिहिलेलं काम डेबियन या लिनक्स वितरणाचे स्वयंसेवक आपल्यासाठी बांधतात, तपासतात. सिंगल, डबल, लाँग डबल आणि क्वाड या चार अचूकतांसाठी एकच सोर्स चारदा बांधावा लागतो, नावं एकमेकांत मिसळू द्यायची नसतात, आणि सगळं वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालावं लागतं. हे काम कुणी करतंय म्हणून आपलं एका कमांडमध्ये भागतं. ते वापरावं, आणि काही बिघडलं तर तिथेच कळवावं.

डिचोलकर

बाब, मान्य नाही. पॅकेज बांधणाऱ्याला जुन्यात जुनं मशीन धरून चालावं लागतं. आमच्याकडे नवे सर्व्हर आहेत. एव्हीएक्स-५१२ (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) असताना सगळ्यांना पुरेल अशा मापाची लायब्ररी का वापरायची? शिवाय डेबियनची स्थिर आवृत्ती दोन-दोन वर्षं तशीच राहते. संशोधन करणाऱ्याला कंपायलर आपल्या हातात हवा.

फोंडेकर

"जुन्यात जुनं मशीन" हा मुद्दा इथे लागू पडत नाही. एफएफटीडब्ल्यूच्या एकाच बायनरीत एसएसई२, एव्हीएक्स, एव्हीएक्स२ अशा वेगवेगळ्या सूचना-संचांचे कोडलेट, म्हणजे गणिताचे छोटे तयार तुकडे, शेजारी शेजारी ठेवता येतात. प्रोसेसरला काय येतं ते लायब्ररी चालताना विचारते आणि तेवढेच वापरते. तुमच्या पॅकेजमध्ये कुठला पर्याय चालू नसेल तर तो चालू करण्याची विनंती करा, त्याचा फायदा सगळ्यांना होईल. आणि शिळेपणाचं म्हणाल तर एफएफटीडब्ल्यूची ३.३.१० ही आवृत्ती २०२१ ची, डेबियनच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत तीच आहे.

पेडण्याहून

मला दोघांचंही पटत नाही. एफएफटीडब्ल्यू जीपीएलखाली आहे (ती घालून प्रोग्रॅम वाटला तर त्याचा सोर्सही द्यायला लावणारा परवाना), बंद उत्पादनात घालायची तर एमआयटीकडून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. आमची छोटी कंपनी आहे. पॉकेटएफएफटी ही दुसरी लायब्ररी बीएसडी या मोकळ्या परवान्यात मिळते, पायथनच्या नमपायने २०१९ मध्ये १.१७ पासून तीच घेतली. तिच्या मोजक्या फाइल्स आपल्या कोडमध्ये ठेवल्या की पॅकेज, अवलंबित्व, आवृत्ती सगळा प्रश्नच मिटतो.

फोंडेकर

परवान्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. पण "फाइल्स आपल्या कोडमध्ये ठेवल्या की मिटतो" हे चूक. मूळ लेखकाने दोष दुरुस्त केला तर तुमच्या प्रतीत तो कोण आणणार? अशा प्रती पन्नास ठिकाणी पसरतात तेव्हा वितरण सांभाळणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी जाऊन ठिगळ लावावं लागतं.

मुरगावची

मी समुद्राच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर काम करते. या धाग्यात अजून कुणीच न काढलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मांडते.

वर्षभराच्या दर तासाच्या नोंदी म्हणजे ८७६० आकडे. अवयव पाडले तर त्यात ७३ ही मूळ संख्या निघते. नुसती दोनच्या घातांवर चालणारी लायब्ररी इथे अडते, शून्यं भरावी लागतात. एफएफटीडब्ल्यूला किंवा पॉकेटएफएफटीला ही अडचण नाही.

अडचण येते ती पुढे. एफएफटीडब्ल्यूचा प्लॅनर 'मेझर' मोडमध्ये अनेक रीती प्रत्यक्ष चालवून वेळ मोजतो आणि वेगवान ती निवडतो. त्या क्षणी मशीनवर दुसरं काम चालू असेल तर निवड बदलू शकते. रीत बदलली की राउंडिंग बदलतं आणि शेवटचे अंक हलतात. दोन्ही उत्तरं योग्यच असतात, पण प्रबंध तपासणारे "आकडे जुळत नाहीत" म्हणाले तर त्यांना काय दाखवणार? उपाय दोन: न मोजता अंदाजाने रीत निवडणारा 'एस्टिमेट' मोड वापरायचा, किंवा निवडलेली योजना 'विज्डम' म्हणून फाइलमध्ये साठवायची. ही फाइल सर्वांसाठी म्हणून सिस्टममध्येही ठेवता येते. पण ती ज्या बांधणीत तयार झाली तिच्याशी जोडलेली असते, कोडलेटचा संच बदलला की लायब्ररी ती नाकारते.

म्हणजे प्रत्येकाने घरी वेगळी बांधली तर एकाचं विज्डम दुसऱ्याला उपयोगी नाही. एकाच पॅकेजवर सारा गट असेल तर ते सामायिक राहतं. फोंडेकरांची बाजू मला यासाठी पटते. वेग माझ्या दृष्टीने त्यानंतरचा.

डिचोलकर

ताई, हा मुद्दा भारी आहे. पण त्याला डेबियनच कशाला? गटाने एकदा नीट बांधून सर्व्हरवर सामायिक जागेत ठेवली तरी हेच साधतं, आणि माझे पर्याय माझ्या हातात राहतात.

मुरगावची

साधतं, जोपर्यंत ती बांधणारा माणूस गटात आहे तोपर्यंत. किनाऱ्यावरच्या उपकरणात एआरएम प्रोसेसरचा छोटा बोर्ड असतो. तिथे कॉन्फिगर करताना सायकल काउंटर (वेळ मोजायला लागणारा प्रोसेसरमधला गणक) सापडला नाही तर लायब्ररी एक इशारा छापते आणि नंतर 'मेझर' मागितलं तरी सगळ्या योजना 'एस्टिमेट'नेच करते. प्रोग्रॅम चालतो, उत्तरं बरोबर येतात, फक्त वेग हरवतो, आणि कारण कुणाच्याही लक्षात येत नाही. काउंटर वापरू देणारा पर्याय बांधतानाच द्यावा लागतो. असल्या गोष्टी प्रत्येक आर्किटेक्चरसाठी लक्षात ठेवणं हेच पॅकेज सांभाळणाऱ्याचं काम. ते एका पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात राहू नये, तो तीन-चार वर्षांत निघून जातो.

पेडण्याहून

एवढं ऐकल्यावर संशोधनासाठी पॅकेज हे मी मान्य करतो. उत्पादनासाठी मात्र माझी पॉकेटएफएफटीच. मूळ लेखकाकडे काही दुरुस्ती आली का, ते प्रत्येक रिलीजपूर्वी बघायची यादी आजच करून ठेवतो.

डिचोलकर

मी अजून सामायिक बांधणीच्याच बाजूने आहे. मात्र एव्हीएक्स-५१२ ची तुलना पॅकेजच्या लायब्ररीशी एकाच मशीनवर, एकाच लांबीच्या डेटावर करून आकडे इथे देतो. फरक दिसला तर फोंडेकरबाब, विनंती आपण दोघं मिळून पाठवू.

फोंडेकर

जरूर. लांबी ४४१०० घ्या. घुमटाच्या एका सेकंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढे नमुने असतात, आणि त्याचे अवयव २, ३, ५ आणि ७ असेच आहेत.