मदत हवी आहे: विंडोज ९८ मध्ये २ जीबी रॅम टाकली तर म्हणतंय मेमरी कमी आहे!

मंडळी, डोकं चालायचं बंद झालंय म्हणून इथे विचारतोय. आमच्या काकांची छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, तसलं काम. त्यांच्याकडे एक जुना पीसी आहे विंडोज ९८ सेकंड एडिशनवाला, त्यावर मराठी डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर, मागच्या पॅरलल पोर्टला डोंगल (लायसन्सची किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), वीस वर्षांची मॅटर सगळी त्याच फॉन्टमध्ये. नवीन घ्या म्हणलं तर काका म्हणतात तू येऊन परत टाइप करून दे.

तर त्याचा मदरबोर्ड गेला. जुन्या बाजारातून पेंटियम ४ चा बोर्ड आणला, तीच हार्डडिस्क लावली, २५६ एमबी रॅमवर ड्रायव्हर वगैरे टाकून दोन दिवस झकास चाललं. मग मीच शहाणपणा केला, दुकानदाराकडे १ जीबीच्या दोन डीडीआर स्टिक स्वस्तात मिळाल्या त्या २५६ काढून लावल्या. आता चालू केलं की काळ्या स्क्रीनवर इनसफिशियंट मेमरी टू इनिशियलाइज विंडोज. अरे २ जीबी आहे बाबा, अजून किती पाहिजे?? बायोस पूर्ण २०४८ दाखवतं, स्टिक अदलाबदल करून बघितल्या, स्लॉट खोडरबरने पुसले. एकच स्टिक ठेवली तर विंडोज येतं पण डॉस प्रॉम्प्ट उघडायला गेलं की परत मेमरी नाही. २५६ ची जुनी स्टिक त्या दुकानदारालाच देऊन टाकली 🤦 लग्नसराई तोंडावर आहे, काका बोलत नाहीयेत माझ्याशी.

प्रतिसाद १:
विंडोज एक्सपी टाका ना राव.

प्रतिसाद २:
हा ४ जीबीवालाच प्रकार का? आमच्या ऑफिसात एक्सपीवर ४ टाकली तर ३.२५ च दाखवतं.

प्रतिसाद ३:
एक्सपी लगेच नका टाकू, ते जुनं डोंगल तिथे ओळखलं नाही तर काका कायमचेच बोलायचे बंद होतील.

स्टिक चांगल्या आहेत तुमच्या. ९८ ला रॅम जास्त झालीये म्हणून ते कमी पडली म्हणतंय, खरंच. त्यात व्हीकॅश म्हणून ड्रायव्हर असतो, तो चालू होताना रॅम किती आहे ते बघून त्या हिशोबात डिस्क कॅशसाठी (डिस्कवरचं वाचलेलं हाताशी ठेवायला) मेमरीचे पत्ते अडवून ठेवतो (पत्ते म्हणजे रॅम नाही, जागेचे नुसते नंबर, ते ४ जीबीपर्यंत असतात), आणि ते अडवतो कुठे तर ३ ते ४ जीबीच्या मधल्या पट्ट्यात जिथे विंडोजची स्वतःची कामं चालतात. ५१२ एमबीच्या वर रॅम गेली की हा गडी सगळी जागा एकटाच घेऊन बसतो, मग डॉस प्रॉम्प्टला पत्ताच उरत नाही. लग्नात पहिल्या पंगतीला रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. एजीपी म्हणजे ग्राफिक कार्डही तिथेच घुसतं.

उपाय: एकच स्टिक ठेवा. चालू करताना एफ८ दाबा, कमांड प्रॉम्प्ट ओन्ली निवडा, एडिट कमांडने विंडोज फोल्डरमधली सिस्टम डॉट आयएनआय उघडा (आधी कॉपी करून ठेवा). व्हीकॅशच्या कंसाखाली मॅक्सफाइलकॅश=२६२१४४ टाका, सलग इंग्रजीत, आकडा केबीत आहे म्हणजे २५६ एमबी. तेवढ्याने नाही भागलं तर ३८६ईएनएच खाली मॅक्सफिजपेज=२००००. हा आकडा हेक्समध्ये आहे बरं का, ४ केबीचं एक पान, म्हणजे ५१२ एमबीच्या वरची रॅम ९८ बघणारच नाही.

ऑफिसवाले, तुमचं वेगळं. ३२ बिटला पत्तेच ४ जीबीचे, त्यातले वरचे ग्राफिक कार्ड न बाकीच्या कार्डांना जातात, तेवढी रॅम असून नसल्यासारखी.

धागाकर्ता:
दादा चाललं!! पहिल्या ओळीनेच डॉस प्रॉम्प्ट उघडला पण डीटीपी मध्येच लटकत होतं म्हणून दुसरी पण टाकली, आता सकाळपासून बिनबोभाट चालू आहे, काकांनी चार पत्रिकांचे ट्रेसिंग काढले. मला चहा विचारला. कोणाकडे ५१२ ची डीडीआर पडून असेल तर सांगा, या दोन्ही स्टिक घेऊन जा बदल्यात.