मदत हवी आहे: लायडारवर पोस्टडॉक करायचंय, पण यंत्राला कधी हात लावलेला नाही

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. भौतिकशास्त्रात पीएचडी होऊन वर्ष झालं. विषय माळव्यावरच्या हवेतली धूळ आणि धूर, सगळं काम कॅलिप्सो उपग्रहाच्या डेटावर. आता जर्मनीतल्या एका संस्थेत पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, तीन आठवड्यांनी मुलाखत आहे. काम जमिनीवरच्या रमन लायडारचं (लायडार म्हणजे हवेत लेसर सोडून परत आलेला प्रकाश मोजणारं यंत्र): तो चालवायचा, सांभाळायचा, डेटाही आपणच काढायचा. मी आजवर एकही लायडार उघडलेला पाहिलेला नाही.

तरी हीच जागा का हवी, ते सांगते. कॅलिप्सोचा लायडार धुळीवरून परत आलेला प्रकाश मोजायचा. धुळीने किती प्रकाश अडवला हे त्यातून काढायचं, तर या दोहोंचं गुणोत्तर बहुतेक वेळा आधी गृहीत धरावं लागतं. डेटाच्या चौथ्या आवृत्तीत ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीला हे गुणोत्तर शुद्ध धुळीसाठी ४४ स्टेरेडियन (हे त्याचं एकक) आहे आणि धूर मिसळलेल्या धुळीसाठी ५५. एप्रिल-मेमध्ये थरच्या वाळवंटाकडून धूळ येते, तेव्हाच आमच्याकडे गहू काढून झालेल्या शेतांत नरवाई, म्हणजे उरलेली धाटं, जाळतात. हवेतल्या अशा पट्ट्याला संगणकाने 'धूळ' म्हटलं की एक उत्तर, 'दूषित धूळ' म्हटलं की त्याच्या जवळजवळ सव्वापट. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या आकड्यावर उभं आहे, आणि तो मी मोजलेला नाही, तक्त्यातून उचललेला आहे. हे मला फार खुपतं.

रमन लायडार तो आकडा मोजतो. ५३२चा लेसर वर सोडला की हवेतल्या नायट्रोजनकडून ६०७ नॅनोमीटरला क्षीण प्रकाश परततो. कुठल्या उंचीवर नायट्रोजन किती हे माहीत असतं, त्यामुळे वाटेत प्रकाश किती अडला ते वेगळं काढता येतं. संकेत इतका दुबळा की बरंचसं काम रात्रीचं. जागायची माझी तयारी आहे. शिवाय २००६ला सोडलेला कॅलिप्सो २०२३मध्ये थांबला. त्याच जुन्या डेटावर आणखी दोन वर्षं काढणं मनाला पटत नाही.

मुलाखतीआधी वाचायला पाठवलेल्या कागदांत टेलिकव्हर चाचणी आहे. दुर्बिणीचं तोंड झाकून चारांपैकी एकेकच भाग उघडा ठेवायचा आणि त्या-त्या भागातून आलेले संकेत ताडून पाहायचे. त्यावरून जवळच्या अंतरावर लेसर आणि दुर्बीण नीट जुळलेत का, ते कळतं. तत्त्व समजलं. पण फरक दिसला तर कुठला स्क्रू किती फिरवायचा, हे कागदावरून कसं शिकायचं?

डेटाकडून यंत्राकडे गेलेलं इथे कोणी आहे का? 'हात लावलेला नाही' हे मुलाखतीत सुरुवातीलाच सांगावं, की विचारल्यावर? माझा कल आधीच सांगण्याकडे आहे, कारण लपवलं तर पहिल्याच रात्री उघडं पडेल.

दुसरं, चार दिवस तरी चालत्या लायडारजवळ उभं राहायला कुठे मिळेल? आंध्रात तिरुपतीजवळ गादंकीला, राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळेत, १९९८पासून लायडार आहे. तिथे बाहेरच्यांना येऊ देतात का? पत्र कुठल्या विभागाला लिहावं? इंदुरातच आरआरकॅट ही लेसरवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे, पण माझी तिथे कोणाशी ओळख नाही. वातावरणाचं काम नसलं तरी चालेल, एनडी-याग लेसर (लायडारमध्ये बहुधा हाच असतो) जुळवताना जवळून पाहता आला तरी खूप झालं.

भर: एका प्रतिसादात विचारलंय, गाईडशी बोललात का? बोलले. सरांचं कामही डेटाचंच, पण शिफारसपत्र ते आजच देतायत. गादंकीहून होकार आला तर तिरुपतीचं तिकीट मी त्याच दिवशी काढेन.