हायफनवर तोडून भागत नाही

मजकुरातली रेंज, म्हणजे खालचं आणि वरचं टोक असलेली संख्यांची जोडी, वाचायची तर ती हायफनवर स्प्लिट करा (तोडा), रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा सांगणारा पॅटर्न) कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. इथे कोल्हापुरात गुळाच्या सौद्यांचे दर वाचायची स्क्रिप्ट मी तशीच लिहिली होती, ती पहिल्याच आठवड्यात कोलमडली. कुणी '३८००-४२००' लिहितं, कुणी लांब डॅश देतं, कुणी '३,८०० ते ४,२००'. तापमानाचं '-५-२' (उणे पाच ते दोन) आलं तर स्प्लिटचे तीन तुकडे पडतात, पहिला रिकामा.

रेग्युलर एक्स्प्रेशनचा पॅटर्न सरळ ठेवा: असलं तर उणे चिन्ह, आकडे, मधला विभाजक, पुन्हा तेच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फुलमॅच (अख्खा मजकूर पॅटर्नशी जुळतो का, हे पाहणारं फंक्शन) वापरा, नाहीतर '१०-२०-३०' मधलं '१०-२०' गुपचूप चालून जातं. स्वल्पविराम आधीच काढा.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवनागरी अंक. पायथन ३ मध्ये स्ट्रिंगवर (मजकुरावर) 'बॅकस्लॅश डी', म्हणजे पॅटर्नमधली 'कुठलाही एक अंक' ही खूण, हे अंकही पकडतो आणि 'इंट' हे मजकुराची संख्या करणारं फंक्शन ते नीट वाचतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत 'बॅकस्लॅश डी' फक्त इंग्रजी अंक ओळखतो. तिथे पॅटर्नमध्ये [०-९] वेगळं द्या आणि संख्या करण्याआधी अंक बदलून घ्या.

खालचं टोक वरच्यापेक्षा लहान आहे का, हे मात्र पॅटर्नमध्ये कोंबू नका. कोडमध्ये ती एका ओळीची तुलना आहे.